प्रतिकृतीचं सामान : जुन्नरच्या सागवानापासून चावडी बाजारापर्यंत

(मंडळाच्या आषाढातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण. शब्दांकन करताना बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



यंदाच्या देखाव्यात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा करायचा, असा ठराव मागच्या बैठकीत झाला आणि ठराव होताक्षणी सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आर्किटेक्टच्या नकाशांवरून इमारतींची मॉडेल्स करणं हा माझा तीस-बत्तीस वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे मला काही पळवाट नव्हती. शिवाय विषयच असा की नाही म्हणवेना. दरवाजा पुण्यात, पण त्याचं तोंड उत्तरेला, दिल्लीच्या दिशेला, म्हणून नाव दिल्ली दरवाजा. आपण सगळे त्याच दिशेनं चालत आलो आणि इथलेच झालो.

बैठक संपल्यावर चिटणीसांनी मला जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "सामान कुठे मिळतं?" हाच प्रश्न मला वर्षातून शंभर वेळा ऐकू येतो. आर्किटेक्चरला गेलेल्या मुलांचे आईवडील रात्री साडेनऊला फोन करतात, "काका, उद्या सबमिशन आहे, ते पांढरं बोर्ड कुठे मिळेल?" तेव्हा आज त्या प्रश्नाचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. किमती सांगणार नाही; स्मरणिका छापून होईपर्यंत त्या बदललेल्या असतील.

मूळ वाड्यापासून सुरुवात करू. बाजीराव पेशव्यांनी १७३० साली काम सुरू केलं आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. सागवान जुन्नरच्या जंगलातून आणलं, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीहून. म्हणजे जिथे जे चांगलं मिळत होतं तिथून ते आणलं. १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा गेला. तटबंदी, बुरूज आणि दरवाजे उरले. आता आपल्याला तोच दरवाजा मंडपात पाच फूट रुंदीच्या जागेत उभा करायचा आहे. सरळ विचार केला तर वाटतं, सागाच्या जागी साग वापरू, दगडाच्या जागी दगडाच्या कपच्या लावू, झालं. पण मॉडेलमध्ये सागाला साग लावला की तो साग दिसत नाही!

याचं कारण प्रमाण. आपण दरवाजा १:२० ला करतो आहोत, म्हणजे खरी वस्तू आपल्या वस्तूच्या वीसपट. सागाच्या फळीवर ज्या रेषा असतात, ते वळणावळणाचं रूप, ते तर वीसपट लहान होत नाही ना! ते आहे तेवढंच राहतं. मग आपल्या दरवाज्याच्या फळीवरची एकेक रेषा बघणाऱ्याला चार बोटं रुंद वाटते, आणि डोळा लगेच म्हणतो, ही कपाटाची फळी कापून लावली आहे. म्हणून सागाचा भास हवा असेल तर जवळजवळ रेषाच नसलेलं लाकूड शोधावं लागतं. हळदूचं लाकूड असतं, पिवळसर आणि एकसारखं. नाहीतर परदेशी बीच. त्याला सागाचा रंग द्यायचा, तोही मूळ रंगापेक्षा थोडा फिका. लांबून पाहिलेल्या वस्तूचे रंग फिके दिसतात, आणि मॉडेल म्हणजे लांबून पाहिलेली इमारतच. गडद, चकचकीत रंग दिला की ती खेळणं होते. वॉर्निश लावायचंच असेल तर मॅट.

दगडाचंही तसंच. खऱ्या काळ्या दगडाच्या कपच्या चिकटवल्या तर त्या प्रचंड धोंड्यांसारख्या दिसतात. त्याऐवजी बूच घ्या. अठराव्या शतकात रोमच्या पडक्या इमारती पाहायला युरोपभरचे श्रीमंत लोक येत, आणि जाताना त्या इमारतींच्या बुचाच्या प्रतिकृती विकत नेत. अँटोनियो किकी नावाचा कारागीर त्यात प्रसिद्ध होता. बुचाला मुळातच बारीक छिद्रं आणि खड्डे असतात, त्यामुळे ते दोन हजार वर्षं पावसात उभ्या असलेल्या दगडासारखं दिसतं. आता दिल्लीत बुचाचा पत्रा कुठे मिळणार? काश्मिरी गेटला. तिथल्या मोटारीच्या सुट्या भागांच्या बाजारात गॅस्केटसाठी कॉर्क शीट विकतात. तो तपकिरी दाणेदार पत्रा कापून, राखाडी रंगाचा हलका हात मारला की बुरुजाचा खालचा दगडी भाग तयार. गॅस्केटवाल्याला कल्पनाही नसते की आपण पेशवाई बांधतोय.

पाण्याचं उदाहरण तर आपण सगळ्यांनी लहानपणी स्वतः पाहिलेलं आहे. दिवाळीतल्या किल्ल्यावर तळं करायचं म्हणून कुणी वाटीत पाणी ठेवायचं, आणि कुणी आरशाचा तुकडा मातीत पुरायचा. तळं कुणाचं दिसायचं? आरशाचं! खऱ्या पाण्याला बोट लागलं की जी लाट उठते ती त्या किल्ल्याच्या मानानं समुद्राची असते. आम्ही आजही तेच करतो, फक्त आरशाऐवजी दोन मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक आणि त्याच्याखाली निळसर-हिरवा कागद. दिवाळीचा किल्ला हीच माझी शाळा. विटा, माती, ओलं पोतं, वर पेरलेले अळीव आणि मोहरी, की चार दिवसांत डोंगर हिरवा. प्रमाणाच्या नावानं मात्र तिथे आनंद असायचा. बुरुजापेक्षा पहारेकरी मावळा उंच आणि सिंहासनावरचे महाराज तर गडाच्या दीडपट! इथे वाढलेल्या आपल्या मुलांनी तो किल्ला केलेला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. दिल्लीच्या सोसायट्यांत माती मिळत नाही असं नाही, कुणी सांगायला नसतं.

तर पहिली गोष्ट, बाजारात जाण्याआधी प्रमाण ठरवा. साडेपाच फुटी माणूस १:२० ला साडेआठ सेंटिमीटर होतो, १:१०० ला पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास आणि १:५०० ला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. वीट घ्या. आजची वीट लांबीला तेवीस सेंटिमीटर आणि उंचीला साडेसात. १:२० ला ती साडेअकरा मिलिमीटर लांब आणि पावणेचार उंच. कोरता येते, आणि कोरलीच पाहिजे. १:१०० ला तिची उंची पाऊण मिलिमीटर. तिथे वीट दाखवायचा हट्ट सोडावा, नुसता विटकरी रंगाचा खरखरीत कागद लावावा. मुलं नेमकी इथेच रात्री जागवतात. १:२०० च्या मॉडेलवर कौलं मोजून लावतात, आणि भिंतीची जाडी मात्र दुकानात जे बोर्ड मिळालं तेवढी! नऊ इंची भिंत १:१०० ला सव्वादोन-अडीच मिलिमीटर असते. दोन मिलिमीटरचं माउंट बोर्ड आणि दोन्ही बाजूंनी एकेक कागद, म्हणजे बरोबर. १:५० ला तीच भिंत साडेचार-पाच मिलिमीटर, म्हणजे पाचाचं सनबोर्ड. हे आधी कागदावर लिहून काढलं की निम्मी यादी आपोआप तयार होते.

दुसरी गोष्ट दुकानदाराशी बोलण्याची. "मॉडेलसाठी काहीतरी दाखवा" असं म्हणू नका. तो तुम्हाला स्टेशनरीच्या दुकानाचा पत्ता देईल, किंवा विद्यार्थी समजून दीडपट भाव सांगेल. खिशात वर्नियर ठेवा, हव्या त्या जाडीचा नमुना ठेवा आणि सांगा, "दो एमएम का तार, सीधा, मुडना नहीं चाहिए." माझ्याकडे सहारनपूरचे एक मिस्त्री आहेत, लाकडावरच्या नक्षीकामात हात फार उत्तम. ते तर दुकानात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं काही मागतच नाहीत. नुसते फिरतात, वस्तू हातात घेऊन उलटी करून बघतात. मॉडेलचं एक दुकान शोधणाऱ्याला या शहरात काही मिळत नाही. पण दुसऱ्याच कामासाठी बनलेली वस्तू आपल्या प्रमाणात काय दिसेल, एवढं ज्याला कळलं त्याला प्रत्येक बाजार मॉडेलचाच.

चावडी बाजार घ्या. कागदाची घाऊक पेठ म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. आयव्हरी शीट, हँडमेड कागद, ग्रे बोर्ड, काय हवं ते. पण त्याच रस्त्यावर नळांची आणि हार्डवेअरचीही दुकानं आहेत, आणि मला घुमट तिथे मिळतात. घुमट ही मॉडेलवाल्यांची जुनी डोकेदुखी. कागदाचा करता येत नाही, लाकडाचा खरादावर करायला वेळ जातो. पाण्याच्या टाकीतला फ्लोट बॉल मधोमध कापा, दोन घुमट! लहान प्रमाणासाठी टेबल टेनिसचा चेंडू. तो चाळीस मिलिमीटरचा असतो, म्हणजे १:२०० ला आठ मीटर व्यासाचा घुमट झाला.

झंडेवालानचा सायकल बाजार आपल्या करोलबागवाल्या मंडळींच्या पायाखालचा. सायकलची स्पोक साधारण दोन मिलिमीटर जाड असते. १:१०० ला ती वीस सेंटिमीटरचा लोखंडी खांब झाली, सरळ आणि गुळगुळीत. काँक्रीटचा खांब हवा तर तीन मिलिमीटरची बांबूची सीख. किनारी बाजारात बायका गोटा आणि लेस घेत असतात, त्या गर्दीत मी एकटा पुरुष उभा राहून लेस भिंगातून बघतो. पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून ताणून वाळवली आणि काळा रंग दिला की जुन्या बंगल्याच्या बिडाच्या नक्षीदार कठड्याला तिच्यासारखं दुसरं काही नाही. आमच्या सौभाग्यवतींना वाटायचं, चला, एकदाचं साडीला काही आणलं. असो.

चहाची गाळणी आणि पिठाची चाळणी म्हणजे जाळीच्या खिडक्या. मिठाईच्या किंवा चपलांच्या खोक्याचा वरचा कागद ओला करून सोला, आत बारीक नालीचा कागद निघतो. छपराच्या पत्र्याची वळी साधारण पंच्याहत्तर मिलिमीटरची. १:२० ला पावणेचार. बारीक नालीचा कागद त्याच्या अगदी जवळ जातो. काळा पॉलिश पेपर हा उत्तम डांबरी रस्ता, पण नंबर बघून घ्यावा. आकडा लहान तितका दाणा मोठा. ऐंशी नंबरचा लावला तर रस्ता पावसाळ्यानंतरच्या आपल्या कॉलनीसारखा दिसेल. कीर्तिनगरला लाकडाबरोबर व्हिनिअर आणि सनमायकाची दुकानं आहेत. त्यांच्याकडे बंद झालेल्या नमुन्यांच्या पट्ट्या आणि जुनी कॅटलॉगं कोपऱ्यात पडलेली असतात. नम्रपणे मागितली तर बहुतेक दुकानदार तशीच देतात, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं व्हिनिअर फुकट मिळालं तर फरशीचा प्रश्न मिटला.

झाडांसाठी रेडीमेड काही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती हिरवी प्लॅस्टिकची झाडं लावली की चांगल्या मॉडेलचीही रया जाते. जुन्या केबलमधली तांब्याची तार घ्या, पंधरा-वीस धागे पिळा, वरचे उलगडून फांद्या करा. पानांसाठी घोसाळं वेलीवरच वाळू द्या, त्याच्या आतलं जाळं कात्रीनं कापा. किंवा लाकडाचा भुसा बारीक चाळून पोस्टर कलरमध्ये भिजवून वाळवा. बारा मीटरचा कडुनिंब १:१०० ला बारा सेंटिमीटर उंच. दिल्लीत कडुनिंब बघायला लांब जावं लागत नाही. आधी एक खरं झाड पाच मिनिटं बघावं, मग तार पिळावी. एकच सावधगिरी, खडीसाठी रवा, खसखस, राजगिरा असं काही वापरू नये. एका महाविद्यालयाच्या प्रदर्शनात उंदरांनी एका रात्रीत सगळी बाग साफ केलेली मी पाहिली आहे. नदीची वाळू चाळून घ्यावी, तिला कुणी खात नाही.

आता थर्माकोलचं. मला माहीत आहे, मागच्या बैठकीत याच मुद्द्यावर आवाज चढले होते. काही ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं, इतकी वर्षं आपली मखरं थर्माकोलची होत आली, आता एकदम काय झालं? झालं असं की महाराष्ट्रात २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर देशभर जी बंदी आली, त्या यादीत सजावटीचं थर्माकोल स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा हा आवडीनिवडीचा विषय राहिलेला नाही. थर्माकोलवर माझा हातही चांगला बसलेला होता. तापलेल्या तारेनं कमान कापली की लोण्यासारखी निघायची. पण खरं सांगायचं तर त्याच्याशी आमचं कधी पूर्ण जमलं नाही. स्प्रे पेंट मारा, विरघळतं. रबरी सोल्यूशन लावा, विरघळतं. पांढरे मणी घरभर उडतात ते दिवाळीपर्यंत झाडूत येतात.

त्याला पर्याय म्हणून लोक परदेशी फोमची नावं सांगतात. पर्याय आपल्याकडे थर्माकोलच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि त्याला मराठीत शब्दही आहे : भेंड. इथे बसलेल्या आजी-आजोबांना भेंडाचं बाशिंग आणि भेंडाची फुलं आठवत असतील. पाणथळ जागेत वाढणाऱ्या झुडपाचा हा पांढरा गाभा. बंगालीत त्याला शोला म्हणतात. दुर्गेचा मुकुट आणि बंगाली नवरदेवाचा टोप त्याचाच. तामिळनाडूत त्याला नेट्टी म्हणतात. तंजावरला याच भेंडातून बृहदीश्वराच्या देवळाच्या प्रतिकृती कोरतात, आणि त्या नेट्टीकामाला २०२० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हस्तिदंतासारखा रंग, वजन नसल्यासारखं, धारदार पात्यानं कापलं तर कड तुटत नाही. नगारखान्याच्या बारीक महिरपी आपण त्याच्याच करणार आहोत. दुर्गापूजेच्या आधी चित्तरंजन पार्कात बंगालहून कारागीर येतात, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. त्यांनी मला विचारलं, "आपके यहाँ इसको क्या कहते हैं?" मी म्हटलं, भेंड. तो शब्द मी निदान तीस वर्षांनी उच्चारला असेन.

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते विषयातलंच आहे. काही वर्षांपूर्वी अंध मुलांच्या एका शाळेनं आम्हाला त्यांच्याच शाळेचं मॉडेल करायला सांगितलं. नवीन इमारत झाली होती, मुलांना जिन्याचा, गच्चीचा अंदाज येत नव्हता, आणि मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं की हातानं बघता येईल असं काही असावं. आमच्या नेहमीच्या सवयी तिथे एकेक करून निरुपयोगी ठरल्या. रंगाला अर्थ नाही. काचेच्या जागी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लावलं काय आणि बोर्ड लावलं काय, बोटाला दोन्ही सपाटच. पेपराची कड बोट कापते. तारेची झाडं टोचतात, आणि दहा हात फिरले की मोडतात. मग आम्ही सगळं सामान बोटांनी निवडायला बसलो, डोळे मिटून. रस्त्याला पॉलिश पेपर, मैदानाला मखमलीचा कागद, पायऱ्यांना कडक लाकूड, आणि जिन्याच्या कठड्याला पितळ. पितळ हाताला गार लागतं, त्यामुळे कठडा चटकन सापडतो. झाडं लाकडाच्या गोळ्यांची केली, खरी दिसत नव्हती, पण हाताला झाडं होती. खिडक्या म्हणजे आरपार भोकं.

मॉडेल पोचवलं त्या दिवशी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा बराच वेळ इमारतीभोवती हात फिरवत होता. मग त्यानं विचारलं, "हमारी क्लास में दोपहर को एक तरफ़ से गरम हवा आती है, वो तरफ़ इसमें कौन-सी है?" मी नकाशा काढून पश्चिम शोधली. त्याचं बोट त्या भिंतीवर ठेवलं. तो म्हणाला, "खिड़की बड़ी है." खरोखरच मोठी होती, आणि तिच्यावर छज्जा नव्हता. नकाशात तो कुणाच्या लक्षात आला नव्हता, माझ्याही नाही, आर्किटेक्टच्याही नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या आत तिथे छज्जा झाला. मॉडेल कागदावर न दिसलेलं दाखवतं, असं आम्ही ग्राहकांना नेहमीच सांगतो. त्या दिवशी ते आमच्यासमोर घडलं.

गाउदी या स्पॅनिश वास्तुशिल्पीनं तर एका चर्चसाठी दोऱ्यांचं मॉडेल टांगलं होतं, त्याला शिशाच्या छऱ्यांच्या बारीक पिशव्या बांधलेल्या. ओझ्यानं दोरे जसे ओघळतात त्याच्या उलट्या आकाराच्या कमानी सर्वांत भक्कम. त्याला दोरा आणि छरे पुरले, कारण त्याला दिसणं तपासायचंच नव्हतं, भार तपासायचा होता. आपल्याकडे जवळचं उदाहरण म्हणजे चंदीगड. शहर वसवताना ल कॉर्बुझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कल्पना लाकडात उतरवणारे ज्ञानी रतनसिंग नावाचे कारागीर होते. चंदीगडच्या संग्रहालयांत त्या काळातली मॉडेल्स आहेत. जाल तेव्हा गुलाब बागेबरोबर तीही बघा.

डिंकाबद्दल बोललंच पाहिजे, कारण दिल्लीची हवा. जूनमध्ये लू असताना बोर्ड वाळून कडक होतं, आणि पावसाचा पहिला आठवडा आला की तेच बोर्ड फुगतं. भिंतीच्या एकाच बाजूला फेविकॉलनं कागद लावला तर ती त्या बाजूला हमखास वाकणार. दोन्ही बाजूंना कागद लावायचा आणि वजनाखाली रात्रभर ठेवायचं. अ‍ॅक्रिलिकला फेविक्विक लावू नये, कडेला पांढरी वाफ धरते. अ‍ॅक्रिलिक जोडायचं पातळ द्रावण बाजारात मिळतं, पण त्याची वाफ वाईट. खिडकी उघडी ठेवून आणि मुलांना लांब ठेवूनच ते काम करावं. कापायला सर्जिकल ब्लेड आणि पोलादी पट्टी. एका दाबात कापायला जाऊ नये, तीन हलके हात मारावेत.

मशीनबद्दल मला हमखास विचारतात. लेसर कटर आमच्याकडे आहे, थ्रीडी प्रिंटचं काम आम्ही बाहेरून करून घेतो. दोन्ही उत्तम आहेत. शंभर सारख्या खिडक्या हातानं कापण्यात कसलंही पुण्य नाही. पण लेसरनं कापलेल्या एमडीएफची कड जळून तपकिरी होते आणि मुलं ती तशीच ठेवतात, त्यामुळे हल्ली सगळ्या कॉलेजांची सगळी मॉडेल्स एकाच बिस्किटाच्या कारखान्यातून आल्यासारखी दिसतात. मशीनला फाइल दिली की ती कापते. हे हळदूत कापू, की बुचात, की मखमलीत, ते मशीन विचारत नाही.

आता आपल्या दरवाज्याची वाटणी सांगतो आणि थांबतो. बुरुजांचा खालचा दगड काश्मिरी गेटच्या कॉर्कचा, तो मी आणतो. वरची वीट ग्रे बोर्डवर कोरायची आहे. जुनी वीट आजच्यापेक्षा पातळ असायची, त्यामुळे ओळी जास्त होतील. त्यासाठी हात स्थिर असलेले चार जण हवेत, वयाची अट नाही. नगारखान्याचं लाकूडकाम आमचे मिस्त्री करतील, महिरपी भेंडाच्या. दिव्यांसाठी भगीरथ पॅलेसमधून पिवळसर उजेडाचे छोटे एलईडी. पांढरे आणू नका, वाडा बँकेसारखा दिसेल. दरवाजा मूर्तीच्या मागे न ठेवता डाव्या हाताला ठेवायचा आहे, कारण दोन फुटांचे बाप्पा १:२० च्या दरवाज्यासमोर बसले तर चाळीस फुटांचे होतील. तसे ते असतीलही, पण देखाव्याचं गणित बिघडतं.

राहिले खिळे. दरवाज्याच्या प्रत्येक दारावर आठ आणि नऊच्या ओळींत ७२ टोकदार लोखंडी खिळे आहेत, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून, साधारण फूटभर लांबीचे. १:२० ला दीड सेंटिमीटर. पुठ्ठ्याचे, लाकडाचे, तारेचे, सगळे करून पाहिले, टोक येतं तर बूड येत नाही. बाभळीच्या काट्याला दोन्ही असतं. बुडाशी जाड, टोकाला सुई, आणि रंग दिला की पोलाद. दोन दारांचे मिळून १४४ झाले, पण मोडतोड धरून दोनशे लागतील, सगळे जवळपास एकाच जाडीचे. विलायती कीकर नको, आपली बाभूळ हवी. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी जमिनीवर पडलेल्या फांद्यांवरचे काढावेत, झाड तोडू नये, आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून रविवारी दहा वाजता सभागृहाच्या मागच्या खोलीत आणावेत. हातमोजे घालून काढा.